मोठं इंजिन, जड नाक

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट आणि शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. त्यामुळे समोर बसलेल्या मेकॅनिकलवाल्यांनी मला जरा सांभाळून घ्यावं. आजचा विषय निघाला तो आपल्यातल्याच एका मित्राच्या प्रश्नावरून. "जुनी एमजीबी जीटी घेतोय. तिच्यात दणदणीत इंजिन बसवलं तर?" पैसे तयार आहेत, मागच्या चिमुकल्या सीटवर बसायला दोन मुलंही तयार आहेत. म्हणून म्हटलं, उत्तर नीटच द्यावं.

सुदैवाने हा प्रयोग इंग्लंडमध्ये खुद्द कारखान्यानेच दोनदा करून ठेवला आहे. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला १९६२ मध्ये एमजीबी बनू लागली. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ९५ हॉर्सपॉवर. फार वेगवान नाही, पण वळणावर आज्ञाधारक. पुढे ऑस्टिन-हीली ३००० ची जागा भरून काढायला १९६७ मध्ये एमजीसी आली. अंगकाठी तीच, पण आत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन, १४५ हॉर्सपॉवर. हे इंजिन आधीच्यापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होतं. म्हणजे एक धष्टपुष्ट पाहुणा कायमचा बॉनेटखाली बसवल्यासारखंच! इंजिन मावेना म्हणून बॉनेटला फुगवटा आला. पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार घालावे लागले. स्टिअरिंग जड होऊ नये म्हणून त्याचं गिअरिंगही बदललं, त्यामुळे चाक जास्त फिरवावं लागे. सरळ रस्त्यावर गाडी ताशी १२० मैलांच्या घरात जायची. वळण आलं की मात्र नाक वळायला तयार नसे. तेव्हाच्या मोटार-पत्रकारांनी तिच्यावर सडकून टीका केली आणि १९६९ मध्ये, जेमतेम नऊ हजार गाड्यांनंतर, ती बंद झाली.

असं का होतं? ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्यांना हे अर्ध्याहून जास्त ठाऊक आहे. पोती मागे जास्त झाली तर गाडी उलाळते, पुढे जास्त झाली तर भार बैलांच्या खांद्यावर येतो. गाडीवान पोती मोजून थांबत नाही, ती कुठे ठेवायची तेही बघतो.

मोटारीत तीन गोष्टी घडतात. पहिली टायरची. टायरवर वजन वाढलं की त्याची पकड वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. समजा पुढचा भार दहा टक्क्यांनी वाढला, तर वळवायला लागणारं बळही दहा टक्क्यांनी वाढतं, पकड मात्र त्याहून कमी वाढते. मग पुढची चाकं आधी घसरतात आणि तुम्ही स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाऊ बघते. याला अंडरस्टिअर म्हणतात.

दुसरी गोष्ट जडत्वाची. दोन्ही हात लांब करून त्यात भाजीच्या जड पिशव्या धरा आणि गर्रकन वळून बघा. आता त्याच पिशव्या छातीशी धरून वळा. वजन तेच, फरक लगेच कळेल. लांबलचक इंजिन गाडीच्या पुढच्या टोकाला गेलं की गाडी वळायलाही आळस करते आणि एकदा फिरू लागली की थांबायलाही.

तिसरी गोष्ट शक्तीची. या गाड्यांची मागची चाकं ओढणारी. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. त्यातूनच वळण्याचा हप्ता आणि पुढे ढकलण्याचा हप्ता. पावसात पगार कापला जातो, आणि त्याच वेळी तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबून दुसरा हप्ता वाढवता. मग मागची बाजू सुटते. म्हणजे वळणात शिरताना गाडी सरळ पळते आणि बाहेर पडताना शेपूट फिरवते. घाबरून पाय एकदम काढलात तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेऊ शकते. इथल्या नोव्हेंबरमधल्या ओल्या राउंडअबाउटवर ही पुस्तकी गोष्ट राहत नाही, विशेषतः मागे मुलं बसलेली असताना.

मग मोठं इंजिन नकोच का? तसंही नाही. १९७३ ची एमजीबी जीटी व्ही-८ बघा. ३५२८ सीसी, १३७ हॉर्सपॉवर, पण इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं. मुळात अमेरिकेतल्या ब्युइकचं, हक्क रोव्हरने घेतलेले. वजन मूळ लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाइतकंच, किंबहुना थोडं कमी. व्ही-८ लांबीलाही आखूड. त्यामुळे शक्ती वाढूनही समतोल टिकला. दुसरं उदाहरण एसी कोब्राचं. १९६२ मध्ये फोर्डचं आटोपशीर व्ही-८ बसवताना एसी एसचा सांगाडा थोडीफार मजबुती देऊन वापरता आला. सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा १९६५ मध्ये जाड नळ्यांची चासी आणि कॉइल स्प्रिंग आणावे लागले. आमच्या धंद्यातही हेच. नुसता सर्व्हर मोठा करून भागत नाही, त्याच्या मागचं-पुढचं सगळं पेलावं लागतं.

एमजीसीवरही अन्याय नको. चांगले टायर, त्यांच्यात योग्य हवा, कडक टॉर्शन बार, चांगले डँपर एवढं केलं की ती बरीच सुधारते आणि लांबच्या प्रवासाला छान गाडी ठरते. आजचे राजे चार्ल्स तरुणपणी एमजीसी जीटीच चालवत.

तेव्हा मित्रा, तुझ्यासाठी क्रम असा. आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शनचे रबरी बुश आणि डँपर. एवढं करून वर्षभर गाडी चालव. नंतरही हौस उरली तर नव्या इंजिनाचे हॉर्सपॉवर विचारण्याआधी त्याचं वजन विचार, आणि ते पुढच्या चाकांच्या किती मागे बसेल तेही. इंजिन बदललंस तर डीव्हीएलएला आणि विमा कंपनीला कळवायला विसरू नकोस. आणि पहिली चक्कर एकट्यानेच मार, कोरड्या रस्त्यावर. मुलांना दुसऱ्या चकरीला ने.

 प्रश्न चहाबरोबर घेऊया. सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!