गोळी आणि अभ्यासाची गोडी



"पोरगं हुशार आहे, पण एका जागी बसत नाही," अशी तक्रार घरोघरी असते. त्यातील काही मुलांना, सर्वांना नव्हे, अवधान-अभावाचा विकार असतो. अशी मुले मार खातात, 'मठ्ठ' ठरतात आणि शाळा सोडतात. मग पालक विचारतात, गोळीने अभ्यासाची गोडी लागेल काय?

१९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातील ३० मुलांना बेन्झेड्रिन दिले. सुमारे निम्म्या मुलांचे शालेय काम थक्क व्हावे इतके सुधारले. मुले तिला 'गणिताची गोळी' म्हणू लागली! औषध थांबताच मात्र परिणाम ओसरला.

आज मेथिलफेनिडेट अधिक वापरतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात १७३ मुलांना हे औषध व औषधविरहित गोळी आळीपाळीने देऊन शिकविले. औषध घेऊन मुलांनी जास्त गणिते सोडविली, गोंधळही कमी केला; पण नवा धडा दोन्ही वेळा सारखाच शिकली. म्हणजे गोळी बाकावर बसविते, शिकवावे आपल्यालाच लागते.

म्हणून औषध वाईट असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नये. परीक्षेपुरते मागून तर घेऊच नये. भूक मंदावते, झोप उडते. तेही डॉक्टरांना सांगावे.

वार्षिक परीक्षेचे बक्षीस अशा मुलाला फार लांबचे वाटते. त्याला पुढच्या बाकावर बसवा, एकावेळी पाचच गणिते द्या, आणि ती होताच शाबासकी द्या.