ग्रामसभा आणि वर्गसभा
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



नागरिकशास्त्र आपण सर्वच जण शिकवितो. मतदानाचे वय, पंचायतीची रचना, नागरिकांचे हक्क व कर्तव्ये मुले बिनचूक पाठ म्हणून दाखवितात. परंतु हीच मुले मोठी होऊन ग्रामसभेत बसतात, तेव्हा त्यांतील कितीजण तोंड उघडतात? कित्येक गावी सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि सह्यांचे पुस्तक मात्र घरोघर फिरते. हा दोष एकट्या गावाचा नव्हे. त्याचे मूळ काही अंशी आपल्या वर्गात आहे, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

मत देणे हे नागरिकाचे कर्तव्य खरेच. पण ते पाच वर्षांतून एका दिवसाचे. उरलेल्या दिवसांत लोकशाही कोणी सांभाळावयाची? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणातील व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते आणि सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकत नाही. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. परंतु कायदा आसन मांडून देतो. त्यावर बसावयाचे काम माणसांचे असते.

ते काम एका लहान गावाने कसे केले, हे पाहण्याजोगे आहे. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचे गोंड वस्तीचे गाव आहे. या गावाने अशी रीत पाडली की, निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा. कोणाचे मन वळले नसेल, तर विषय पुढील सभेपर्यंत थांबतो. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासमंडळ चालते. तेथे बाहेरचे जाणकारही येऊन बसतात, जंगलाची व कायद्याची चर्चा होते. परंतु अभ्यासमंडळ निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचाच. गावातील देवाजी तोफा आणि बाहेरून आलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्यातून ही पद्धत रुजली.

या सवयीचे फळ पुढे दिसले. २००६ चा वनहक्क कायदा झाला, तेव्हा गाव तयार होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. बांबू हे गौण वनोपज आहे, असे त्या कायद्यातच म्हटले होते. गावाने ना दगड उचलला, ना कोणाचे पाय धरले. कायद्याच्या आधारे मागणी लावून धरली. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावी आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. वाचणे, विचारणे, एकमेकांचे ऐकणे व धीर न सोडणे, एवढ्याच शिदोरीवर हे घडले. आणि हे चारही गुण शाळेत शिकविता येतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून एकदा वर्गसभा भरवावी. मुलांनी गोल बसावे. शिक्षकाने त्या गोलातच बसावे. विषय खरा असावा: मैदान कोणत्या वर्गाने केव्हा वापरावे, पाण्याची टाकी कोणी धुवावी, पुस्तकांची पेटी कोणाच्या स्वाधीन असावी. एका मुलाने इतिवृत्त लिहावे. पुढील सभेत ते वाचून, ठरले ते झाले की नाही, हे विचारावे. शिक्षकाने स्वतः स्वीकारलेले काम राहिले असेल, तर त्यासही विचारण्याची मुलांना मुभा असावी. येथेच आपली कसोटी आहे. ज्या वर्गात गुरुजींना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरतो, त्या वर्गातून सरपंचाला जमाखर्च विचारणारा नागरिक कोठून निघणार?

एक सावधगिरी मात्र हवी. सर्वसंमती म्हणजे मौन नव्हे. कोपऱ्यात बसणारी मुलगी, वाडीवरून चालत येणारे पोर, ज्याच्या घरची भाषा वेगळी ते मूल, यांना आधी बोलू द्यावे. ती गप्प राहिली आणि ठराव झाला, तर तो ठराव सर्वांचा नव्हे. तसेच शिक्षकाने आपले राजकीय मत वर्गात आणू नये. विचार करण्याची रीत द्यावी, विचार तयार करून देऊ नये.

गावातही आपणांस अशीच जागा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयाच्या. या समितीची बैठक केवळ सह्यांपुरती न भरविता, शाळेचा हिशेब तेथे मोठ्याने वाचून दाखवावा. शेतमजुरी करणाऱ्या एखाद्या मातेने त्यावर पहिला प्रश्न विचारला, तर त्या दिवशी नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ झाला असे समजावे.

बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातील मुले काही वर्षांनी ग्रामसभेत बसतील. तेथे ती खाली मान घालून सही करतील की उभी राहून विचारतील, याचा निकाल आज आपल्या हाती आहे. येत्या शनिवारी पहिली वर्गसभा भरवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.