उतारवयांतील डिझेल मोटारीची निगा

डिझेलचें एंजिन म्हणजे पोलादी छातीचा पहिलवान, त्याला कांहीं होत नाहीं, अशी एक समजूत मोटारवाल्यांत रूढ आहे. ती अगदींच निराधार नव्हे. या एंजिनांत ठिणगी नसते. कोंडलेली हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच डिझेल पेट घेतें. एवढा दाब सोसावयाचा म्हणून त्याचे भाग मुळांतच दणकट घडविलेले असतात. दोन-अडीच लाख किलोमीटर धांवलेल्या कितीतरी डिझेल मोटारी आजही रस्त्यावर दिसतात, याचें एक कारण हेंच. परंतु टर्बो बसल्यापासून हा पहिलवान नाजूक पथ्याचा झाला आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

रुडॉल्फ डिझेल यांचें यशस्वी एंजिन जर्मनींत आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं चाललें. वायां जाणाऱ्या धुराच्या जोरावर एंजिनांत अधिक हवा कोंबण्याच्या युक्तीचें पेटंट स्विस एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं घेतलें. या दोहोंचा संगम प्रवासी मोटारींत होण्यास मात्र १९७८ साल उजाडावें लागलें. पुढें ही विद्या लहान गाड्यांत उतरली. पुण्याजवळ रांजणगांवच्या कारखान्यांत फियाटचें १.३ लिटरचें मल्टिजेट एंजिन तयार होत असे. मग १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि लहान डिझेल मोटारी नव्यानें निघणें जवळजवळ थांबलें. म्हणजे तालुक्याच्या गांवीं आज जी लहान डिझेल गाडी भाड्यानें धांवते, रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्याला दवाखान्यांत पोंचविते, ती बहुधा वयस्क आहे. ती निकामी झाली तर तशीच नवी आणणें मालकाच्या हातीं नाहीं.

अशा मालकानें प्रथम एक गोष्ट ध्यानांत धरावी. जुन्या टर्बो डिझेलचा प्राण वंगणांत आहे. गॅरेजांत ज्याला नुसतें ऑइल म्हणतात, तें घर्षण कमी करतें, काजळी पोटांत घेतें, उष्णता वाहून नेतें आणि टर्बोचा कणा तोलून धरतें. या कण्याच्या एका टोकाला तापलेला धूर असतो, दुसऱ्या टोकाला ताजी हवा. लहान मोटारींत तो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊं शकतो. त्या वेगांत धातूला धातूचा स्पर्श होऊं न देणारा एकच पडदा असतो, आणि तो म्हणजे ऑइलचा केसाहून पातळ थर. ऑइल जुनें होऊन घट्ट झालें, किंवा त्याची बारीक नळी काजळीनें चोंदली, कीं तो पडदा फाटतो.

म्हणून कारखान्यानें १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मर्यादा सांगितली असली, तरी गर्दींत, धुळींत अथवा घाटांत राबणाऱ्या वयस्क गाडीचें ऑइल सात-आठ हजारांवरच बदलणें शहाणपणाचें. ऑइल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घ्यावें, आणि फिल्टर दर वेळीं नवा घालावा. डिपस्टिक आठवड्यांतून एकदां पाहावी. पातळी खालीं जात असेल तर ऑइल कोठें तरी गळत किंवा जळत आहे. ती आपोआप वर चढत असेल तर अधिकच सावध व्हावें, कारण ऑइलमध्यें डिझेल मिसळत असण्याचा संभव असतो.

कुंभार्ली घाट चढून आलेली गाडी माथ्यावर थांबतांच चावी फिरवून बंद करण्याची संवय सोडून द्यावी. एंजिन थांबलें कीं ऑइलचा पुरवठाही थांबतो, आणि तप्त टर्बोंत अडकलेलें ऑइल करपून त्याचा कोळसा होतो. एखादें मिनिट एंजिन सावकाश चालूं द्यावें, एवढेंच पथ्य.

व्हॉल्व्हची उघडझांप वेळेवर घडविण्यासाठीं मल्टिजेटमध्यें साखळी असते, आणि तिचा ताण ऑइलच्याच दाबावर राखला जातो. मळकट ऑइलनें ती झिजून सैल पडते. थंड एंजिन सुरू होतांना खडखड ऐकूं आली, तर ती तिची सूचना समजावी. दुसऱ्या कित्येक एंजिनांत साखळीच्या जागीं रबरी पट्टा असतो. त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षें या दोहोंनीं ठरते. जी आधीं भरेल ती खरी. साखळी घसरली किंवा पट्टा तुटला कीं पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर होते आणि एंजिन उघडण्याचा खर्च कपाळीं येतो. जुनी गाडी घेणाऱ्यानें, पट्टा बदलल्याचा लेखी पुरावा नसल्यास, तो बदललेला नाहीं असेंच धरावें.

ऑइलच्या खालोखाल डिझेल, हवा आणि पाणी यांची शुद्धता येते. नव्या पद्धतीच्या एंजिनांत डिझेलचा दाब हवेच्या सामान्य दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. त्यांत पाण्याचा अंश गेला तर मोलाचे इंजेक्टर गंजतात. म्हणून डिझेल-फिल्टरमधील पाणी, विशेषतः पावसाळ्यांत, काढून टाकावें. हवेचा फिल्टर धुळीच्या रस्त्यांवर लवकर बदलावा. रेडिएटरमध्यें विहिरीचें पाणी ओतल्यास आंत क्षार बसतात. तेथें योग्य कूलंटच घालावें. आपल्याकडे पाणी गोठण्याचें भय नसलें तरी गंजाचें आहेच.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर हवेची कमतरता सांगतो. पुष्कळदां टर्बोकडून येणारी रबरी नळीच फाटलेली असते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचें दाखवितो. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत गेलें, तर मिस्त्रीकडे जाण्यास विलंब लावूं नये. ऑइलचा तांबडा दिवा लागल्यावर मात्र, गांव दोन मैलांवर असलें तरी, जागच्या जागीं थांबावें.

माणसाप्रमाणें यंत्राचेंही दुखणें अंगावर काढलें कीं वाढतें. गाडींत एक साधी वही ठेवून ऑइल, फिल्टर, पट्टा आणि कूलंट यांच्या तारखा व किलोमीटर लिहून ठेवावे. कोणत्या भागाचें आयुष्य संपत आलें, हें गाडी अडून बसण्यापूर्वीं ती वही सांगते. मग दुरुस्तीचा दिवस मालक ठरवितो. एरवीं तो गाडी ठरविते, आणि बहुधा घाटांत, रात्रीं.