‘घाबरू नका’ या दोन शब्दांविषयी



डॉक्टरांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत, आभारी आहे. कोकणातल्या एका लहान गावात चाळीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या माणसाला हा मान देणं हा परिषदेच्या मनाचा मोठेपणा आहे, असं म्हणायची पद्धत आहे. ते म्हणून टाकतो. स्वागत समितीने जेवणाची आणि पंख्यांची व्यवस्था चोख ठेवली, त्यांचेही आभार.

कार्यवाहांनी आढाव्यासाठी मला सात मुद्दे लिहून दिले आहेत. पहिला, फॅमिली डॉक्टर ही जमात संपत चालली आहे. खरं आहे, माझ्या स्वतःच्या मुलाने गावात यायला नकार दिला, यापेक्षा जास्त पुरावा मी काय देऊ? दुसरा, नोंदणी, कचरा, परवाने यांच्या कागदपत्रांत लहान दवाखान्याची होणारी दमछाक. त्यावर काल ठराव झालाच आहे. तिसरा मुद्दा ‘साथी आणि समाज’. उरलेले चार मी वाचणार नाही, कारण तिसऱ्यावर माझी गाडी अडणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं. काही वर्षं ही एक गोष्ट घशाशी येऊन परत जाते आहे. आज माईक हातात आहे.

काल दुपारच्या चर्चासत्रात एका तरुण मित्राने पडद्यावर रंगीत आलेख दाखवून सांगितलं, की करोनाच्या सुरुवातीला अफवांमुळे लोकांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. ओस पडलेल्या घरात उंदीर शिरतात, म्हणून घर उंदरांनी ओस पाडलं असं कोणी म्हणत नाही. अफवा आल्या तेव्हा विश्वास घर सोडून गेलेला होता. तो का गेला, हे विचारायचं धाडस कालच्या चार वक्त्यांपैकी एकानेही केलं नाही, कारण उत्तर आपल्या खुर्चीपाशी येऊन थांबतं.

ते दिवस आठवा. फेब्रुवारी २०२० मध्येच कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली होती आणि राज्यभर पोल्ट्रीवाले बुडाले होते. ९ मार्चला पुण्यात दुबईहून परतलेल्या दोघांना लागण झाल्याचं निष्पन्न झालं. दुसरा दिवस, १० मार्च, सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्या वर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालून पंधरा दिवस होतात न होतात तोच आपल्यापैकी अनेकांनी दवाखान्याला कुलूप घातलं. पुढे त्याच्यावर येणारच आहे.

मग विमानाने आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के पडायला लागले. हातावर असा शिक्का दिसला म्हणून चौघांना प्रवासातच पालघरला रेल्वेगाडीतून खाली उतरवलं. फोन लावला की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी कोणीतरी खोकायचं. आणि आमच्या गावात ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरायची : ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’ ओरडणाऱ्या पोराने तोंडाला एकावर एक दोन रुमाल बांधले होते. आमच्या वाडीतली म्हातारी पडवीत उभी राहून त्याच्याकडे बघत होती. ती मला म्हणाली, ‘ह्यालाच घाम फुटलाय आणि मला सांगतोय भिऊ नको.’

माझी तक्रार एवढीच आहे. ‘घाबरू नका’ हे दोन शब्द आपण दिवसाला पन्नास वेळा बोलतो. बाळंतिणीला, हार्ट अटॅकवाल्याला, विंचू चावलेल्या पोराच्या बापाला. बहुतेक वेळा ते खपतात, कारण पुढे काय करायचं ते आपल्याला माहीत असतं आणि समोरच्याला ते आपल्या हातांकडे बघून कळतं. मार्च २०२० मध्ये आपल्याला काहीच माहीत नव्हतं. रोग नवा होता, औषध नव्हतं, लक्षणं नसलेल्या माणसाकडून तो किती पसरतो हे उलगडायचं होतं. तरी आपण तेच दोन शब्द तेवढ्याच ठणठणीत आवाजात बोललो. लोक अडाणी नाहीत. आवाजातला पोकळपणा त्यांना ऐकू येतो.

मास्कचंच घ्या. मार्चमध्ये माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, की तुम्ही धडधाकट आहात, तुम्हाला मास्क नको. वरून तसंच आलं होतं. ते येण्यामागे एक कारण असं होतं, की मास्क कमी होते आणि ते रुग्णालयांत लागणार होते. हे मी लोकांना सांगितलं का? नाही. मी रुबाबात ‘गरज नाही’ म्हटलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्र सरकारने घरी शिवलेलं फडकं बांधा म्हणून सांगितलं, पाठोपाठ मुंबईत ते सक्तीचं झालं. जागतिक आरोग्य संघटनेने आपली भूमिका बदलली ती ५ जूनला. त्या एप्रिलात, ऐन आंब्याच्या दिवसांत, एक बागायतदार माझ्याकडे आला. पेट्या भरून पडल्या होत्या आणि बाजार बंद होता, म्हणून आधीच कावलेला. म्हणाला, ‘डॉक्टर, मार्चात तुम्ही म्हणालात फडकं नको. आता म्हणता फडक्याशिवाय दिसलास तर दंड. मग खोटं तेव्हा बोललात का आता बोलताय?’

चाळीस वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी त्याला विज्ञान बदलत असतं वगैरे ऐकवलं. तो ऐकून घेऊन उठला. दारात वळून म्हणाला, ‘ठाऊक नव्हतं असं म्हणाला असतात तरी चाललं असतं.’

हे काही २०२० चं नवीन दुखणं नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, कारण तिथे माणसाला नेतात ते मारायला, अशी बोलवा होती. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली, आणि त्यांतले कितीतरी आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे होते. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला, पुण्यात घराघरांत गोरे सोजीर घुसले, आणि जूनमध्ये गणेशखिंडीत प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ते आर्थर रोडचं रुग्णालय म्हणजेच आजचं कस्तुरबा. मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोनाबाधित ठेवले गेले ते तिथेच, आणि राज्याने हाती घेतलेला कायदाही तोच, १८९७ चा. एका रुग्णामागे महापालिकेला दीड लाख मिळतात, म्हणून धडधाकट माणसालाही उचलून नेतात, ही आपण हसून सोडून दिलेली अफवा त्या जुन्या बोलवेची सख्खी नात आहे. सव्वाशे वर्षांत नव्या लसी आल्या, व्हेंटिलेटर आला. माणसाशी बोलायची आपली रीत तीच राहिली : वरून खाली, आणि शिक्का मारून.

त्याच प्लेगात वाल्देमार हाफकिन नावाचा माणूस मुंबईत लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. भाषण मागून.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या कोकणात लाल विंचू चावून पोरं दगावत होती तेव्हा आपण सगळे ‘घाबरू नका’च म्हणत होतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर खाटेशी बसून रात्र रात्र नोंदी करत राहिले. हृदयावर नक्की काय होतं हे आपल्याला कळलेलं नाही, हे त्यांनी आधी स्वतःशी कबूल केलं, म्हणून ऐंशीच्या दशकात प्राझोसिन या औषधापर्यंत पोचले. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरची किंमत कमी होते, असं ज्यांना वाटतं त्यांनी महाडला जाऊन यावं.

आता कुलपाचं. २५ मार्चपासून नऊ दिवस मी दवाखाना बंद ठेवला. माझं वय एकसष्ट होतं, पत्नीला मधुमेह, हातात एक साधा मास्क. कारणं खरी होती. पण मी दारावर काय लिहिलं? ‘काही अपरिहार्य कारणास्तव दवाखाना बंद राहील.’ लग्नाच्या हॉलवर लावतात तसली पाटी! सहाव्या दिवशी पलीकडच्या वाडीतली एक बाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी चार किलोमीटर चालत आली. मी वरच्या खिडकीतून तिला पाहिलं. तिने पाटी वाचली, पायरीवर टेकली, पदराने घाम पुसला आणि गेली. तिला हाक मारावी, गोळ्या खाली टाकाव्या, एवढंही मला सुचलं नाही. ‘मला भीती वाटते, खिडकीखाली उभं राहून हाक मारा, औषध देतो’ एवढी पाटी लिहिली असती तर ती थांबली असती. आजही ती समोर आली की नमस्कार करते. औषध मात्र दुसरीकडून घेते.

कालचा दुसरा वाद कडक कायदा हवा की प्रबोधन, असा होता. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मी माझा अनुभव सांगतो, मग ज्याला भांडायचं त्याने भांडावं. मे महिन्यात चाकरमानी परतू लागले. आमच्या वेशीवर करवंदीच्या काट्या आणि आडवा बांबू टाकून पोरं बसलेली. माझा पुतण्या लालबागहून निघाला, थोडा पायी, थोडा टेम्पोतून असा तिसऱ्या दिवशी पोचला. त्याला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं ठरलं. मी रात्री शब्द टाकायला गेलो. वरच्या मजल्यावर वेगळी खोली आहे, मी स्वतः डॉक्टर आहे, लक्ष ठेवीन. ग्राम कृती दलातला एक पोरगा, ज्याच्या जन्माच्या वेळी मी हजर होतो, हात जोडून म्हणाला, ‘काका, तुमच्या पुतण्याला सोडलं तर उद्या मी कोणालाच अडवू शकत नाही.’ मी चडफडत घरी आलो. पुतण्या चौदा रात्री बाकांवर झोपला. पण त्यानंतर एकही चाकरमानी शाळेत राहायला कुरकुरला नाही. तेव्हा कायदा किती कडक, यावर तासभर घालवू नका. तो डॉक्टरच्या पुतण्याला लागतो का, एवढंच गाव बघतं.

कोकणात मे संपायच्या आत बेगमी होते. लाकडं, सुके बोंबील, चुलीच्या गोवऱ्या. पाऊस लागल्यावर बाजारात धावणाऱ्याला काही मिळत नाही. विश्वास तसाच बेगमीचा माल आहे. आणि तो जिच्याकडे भरून होता, तिचा उल्लेख कालच्या एकाही निबंधात नव्हता.

आमच्या गावची आशाताई, घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका. तिच्याकडे पहिले काही आठवडे मास्क नव्हता, ओढणी होती. गावात पहिला रुग्ण सापडला तेव्हा दूधवाल्याने त्या घराकडे जाणारी पाऊलवाट सोडली. ही रोज सकाळी त्यांच्या गडग्यावर दुधाची किटली ठेवायची, दहा पावलं मागे सरकून हाक मारायची, आणि आतल्या माणसाने दाराशी येऊन खोकला कसा आहे ते सांगेपर्यंत तिथेच उभी राहायची. घरातली सून रडायला लागली तेव्हा आशाताई तिला म्हणाली, ‘मला पण भीती वाटते गं. पण मी उद्या येते.’

मी ते रस्त्यावरून ऐकलं. साऱ्या साथीत मी ऐकलेलं सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य तेच. भीती खरी आहे हे त्यात आहे, आणि उद्याचा भरवसा आहे. वाडीतल्या लोकांनी ताप लपवला नाही तो तिच्यापासून, कारण तिच्याबरोबर त्यांच्या सुना बाळंतपणाला गेल्या होत्या, रात्री-अपरात्री, रिक्षाने. करोनाच्या कामासाठी तिला महिन्याला जादा हजार रुपये ठरले, आणि जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कौतुकासाठी थाळ्या वाजवताना आपला आवाज कुठेही कमी पडला नव्हता.

अध्यक्षाने पुढच्या वर्षाचं काम सांगायचं असतं. सांगतो. पुढच्या साथीत प्रत्येक तालुक्यात निदान एक दवाखाना उघडा राहील अशी पाळी लावावी. कोणाची कधी, ते कार्यकारिणी ठरवेल. नव्या डॉक्टरांसाठी लोकांशी बोलण्याचं एखादं शिबिर घ्यावं. कसं, कुठे, ते बघू. साथीच्या काळात आपल्याला काय कळलं आणि काय कळलेलं नाही, याचं साधं पत्रक दर आठवड्याला दवाखान्याच्या दारावर लागावं. तपशील बैठकीत ठरतील. बैठका आपल्याला येतात.

माझी एकच मागणी ठाम आहे. पुढची साथ येणार आहे. कुठून, कधी, मला माहीत नाही. ती आल्यावर पहिल्या दिवशी आपल्या तोंडून ‘घाबरू नका’ निघता कामा नये. ‘अजून माहीत नाही, कळलं की सांगतो, दवाखाना उघडा आहे’ असं म्हणा, आणि मग तो उघडा ठेवा.

शेवटी या व्यासपीठाकडे पाहा. इथे अकरा खुर्च्या आहेत. त्यांत आशाताईंसाठी एकही नाही. पुढच्या अधिवेशनाचं उद्घाटन आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या आशाताईच्या हस्ते व्हावं, असा ठराव मी अध्यक्ष म्हणून आत्ताच मांडतो. अनुमोदन कोण देतं, ते हात वर करून सांगा.