जुन्या विमानांचा परवाना

विमान तेंच, पण जुन्या कागदामुळें तें बाद ठरावें, असा प्रकार अमेरिकेंत एकवीस वर्षें चालला. तेथें २००४ सालीं ‘स्पोर्ट पायलट’ हा परवाना निघाला. वैद्यकीय दाखल्याऐवजीं मोटारीचा परवानाहि त्यास चाले. त्यामुळें अनेक वृद्ध वैमानिकांचें उड्डाण सुटलें नाहीं. मात्र जमिनीवरून उडणारें विमान दोनांहून अधिक आसनांचें नसावें आणि उड्डाणसमयीं त्याचें भारासह वजन १,३२० पौंडांहून अधिक नसावें, अशा अटी होत्या. १,२२० पौंडांचें पायपर कब त्यांत बसे. १,४५० पौंडांचें सेस्ना १४० बसत नसे.

अर्कूपची कथा तर विलक्षण. १,२६० पौंडांचें मूळ ४१५-सी चाले. परंतु एखाद्या पूर्वीच्या मालकानें त्याची वजनमर्यादा १,४०० पौंडांवर नेली असल्यास तें कायमचें बाद होई. मर्यादा पुन्हा उतरविली तरी उपयोग नसे.

२२ ऑक्टोबर २०२५ पासून ही वजनाची अट गेली. आतां पंखांच्या झडपा मिटलेल्या असतां वेग ताशीं ५९ सागरी मैलांपर्यंत उतरला तरी विमान हवेंत तरून राहावें, हें मुख्यत्वें पाहतात. सेस्ना १४० आणि बाद झालेलें अर्कूप, दोन्ही या कसोटीस उतरतात. विमानाची पारख कागदावरून न होतां हवेंतील वर्तनावरून व्हावी, हेंच न्याय्य होय.