औषधाच्या खिडकीमागचा माणूस एकटा नको

(मदन महल, जबलपूर येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात एका फार्मासिस्ट बंधूंनी केलेले भाषण)



बोनस, पदोन्नती आणि पेन्शनवर सकाळपासून बरेच बोलणे झाले. मी औषधाच्या खिडकीमागे उभा राहणारा माणूस. आपण मला अजूनही ‘कंपाउंडरसाहेब’ म्हणता, त्यात आपुलकी आहे. परंतु कॅन्सरची औषधे आल्यापासून खिडकीमागचे काम पार बदलले आहे. ते आपल्या घरांशी निगडित आहे, म्हणून थोडा वेळ मागून घेतला.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात एका गँगमन बंधूंच्या पत्नीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. हे मूळचे कॅन्सरचे औषध. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. खिडकीवर गर्दी होती, चिठ्ठीवरचे अक्षर घाईचे होते. मी पाकिटावर ‘रोज एक’ लिहिले. ही गोळी रोज घेतली तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. शेजारच्या सहकाऱ्याने पूर्वी कॅन्सर विभागात काम केले होते. पाकीट पाहून तो म्हणाला, “भाऊ, वार कोणता लिहिलास?” त्या एका प्रश्नाने त्या बाई वाचल्या. मी त्या दिवशी एकटा ड्यूटीवर असतो तर? हा विचार आजही झोप उडवतो.

आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध निघते. शिरेतून दिले तर ते जीव वाचवते. चुकून पाठीच्या कण्यात गेले तर जीव घेते. म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीत भरून द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली बजावले. औषध कालवणाऱ्यालाही धोका असतो. ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत त्यांचे परिणाम दिसतात, हे फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवले. योग्य हातमोजे आणि सुरक्षा कपाट ही चैन नव्हे. गँगमनला लाल झेंडी लागते तशीच ती गरज आहे.

अमेरिकेत १९९६ पासून कॅन्सर फार्मसी ही स्वतंत्र विशेषज्ञता मानली जाते. आपल्याकडे २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आहे. पण नोकरीत असलेल्या डिप्लोमाधारकाने हे कुठे शिकायचे? जबलपूर मध्य रेल्वेत होते तेव्हा शंका आली की आम्ही मुंबईच्या मित्राला फोन करायचो. २००३ साली पश्चिम मध्य रेल्वे झाली, मित्र निवृत्त झाले, तो धागा तुटला.

एकत्र येण्याने काय होते ते पाहा. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील रुग्णालयांनी औषधांची खरेदी एकत्र केली आणि किमती कितीतरी खाली आणल्या. एकजुटीने भाव ठरवता येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वाराणसीत लहरतारा येथील रेल्वेचे कॅन्सर रुग्णालय २०१८ पासून टाटा मेमोरियल सेंटर चालवते. मग आपल्या फार्मासिस्टांना तिथे आळीपाळीने प्रशिक्षणाला का पाठवू नये?

माझे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. प्रशिक्षणाचा काळ ड्यूटी धरावा. कॅन्सरच्या औषधावर दुसऱ्या माणसाची नजर सक्तीची करावी. आणि रेल्वे, सीजीएचएस व मेडिकल कॉलेजातील आम्ही फार्मासिस्टांनी महिन्यातून एकदा बसून आपल्या चुका एकमेकांना सांगाव्यात. त्यासाठी कुणाला मेमो मिळू नये.

वर किल्ल्याच्या वाटेवर तोलून उभी असलेली शिळा १९९७ च्या भूकंपातही हलली नाही. आमच्या औषधाचा तोलही तितकाच नाजूक आहे. पण शिळेसारखे एकट्याने उभे राहणे माणसाला जमत नाही. आपणही एक करा : गोळी घेताना “किती वेळा, कोणत्या वारी?” हे आम्हाला विचारा. आम्हाला राग येणार नाही.