एका विहिरीचे चार विषय
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



शाळेत घंटा झाली की भूगोल संपायचा आणि गणित सुरू व्हायचं. कॉलेजात मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरणाचा पेपर सगळ्याच शाखांना सक्तीचा होता. आम्ही तो पास होण्यापुरताच वाचणार होतो. पण प्रकल्पासाठी हिवरे बाजारला गेलो आणि माझं मत बदललं.

जेमतेम 400 मिलिमीटर पावसाचं गाव. माझं भूगर्भशास्त्र सांगत होतं, काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमात साठतं, तेही थोडंच. अर्थशास्त्राच्या मैत्रिणीने पाण्याचा ताळेबंद समजावला : आधी पाऊस मोजायचा, मग पिकं ठरवायची. राज्यशास्त्राचा मित्र म्हणाला, खरी ताकद ग्रामसभेची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, हे गावाने मिळून पाळलं.

तेव्हा मला आमचं शेत आठवलं. वडिलांनी कर्ज काढून तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे. शेजाऱ्यांनीही तेच केलं होतं. नुसतं माझं भूगर्भशास्त्र त्यांना वाचवू शकलं नसतं. गावाने एकत्र बसायला हवं होतं.

म्हणून एक विनंती. शाळेच्या विहिरीची पाणीपातळी मुलांनी दर महिन्याला मोजावी. विज्ञान, गणित आणि भूगोलाच्या सर-बाईंनी तो तास एकत्र घ्यावा. खुणा केलेली दोरी आणि कोरी वही मी सोबत आणली आहे.